पिवळी मूठ

घरात तिला सगळे घूस म्हणत. हे नाव ठेवलं सासऱ्यांनी. नवी सून माती तपासणीच्या खात्यात आहे म्हटल्यावर ती खुर्चीत बसून कागदांवर शिक्के मारत असेल, अशी त्यांची समजूत होती. पहिल्याच आठवड्यात सूनबाई कोपरापर्यंत मातीने बरबटून घरी आल्या आणि दारातच बूट आपटू लागल्या, तेव्हा म्हातारा चष्म्यावरून बघत म्हणाला, की आपण सून आणली होती, ही घूस कुठून शिरली. ती खो-खो हसली, आणि हसणाऱ्या माणसाला नाव कायमचं चिकटतं. तिचा नवरा मालगाडीवर चालक होता आणि महिन्यातले निम्मे दिवस रुळांवर असायचा. तोही पुढे फोनवर आधी "घूस आली का?" असंच विचारू लागला.

सासरे जन्मभराचे रंगारी. फाटकं, जिन्यांचे कठडे, दुकानांच्या पाट्या, शाळेतले झोपाळे, काय म्हणाल ते त्यांनी रंगवलेलं. सगळे त्यांना पेंटर म्हणत. बोलायला मोठे तिखट, आणि रंगाच्या बाबतीत तर नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. भिंत पडेल पण माझा रंग सुटणार नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रस्त्याने जाताना दुसऱ्या कुणी रंगवलेल्या फाटकाचे पोपडे दिसले की ते थांबायचे, एक पोपडा नखाने उडवून बघायचे आणि मग दिवसभर खुशीत असायचे.

मग उजवा हात थरथरायला लागला. त्यांनी काम सोडलं आणि लोकांना सांगितलं की डोळे साथ देत नाहीत. हात कायम खिशात. घरातल्यांना सगळं ठाऊक होतं, पण आपल्याला ठाऊक आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. सासूबाई गेल्या त्यानंतर तर ते खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते उठेनात. जेवण समोर ठेवलं तर जेवत, नाही ठेवलं तर मागत नसत.

त्यांना त्या खुर्चीतून उठवलं ते भाजीच्या वाफ्याने. बंद पडलेल्या बॅटरीच्या कारखान्यामागची मोकळी जागा नगरपालिकेने वाफे पाडून लोकांना दिली होती. वीस-बावीस जणांनी वाफे घेतले, त्यातला भिंतीलगतचा एक सुनेने त्यांच्या नावावर घेतला आणि बळेच त्यांना तिथे नेऊन सोडलं. पहिल्या दिवशी ते कुरकुरले. दुसऱ्या दिवशी टोमॅटोची रोपं कुणाची चांगली यावरून एका निवृत्त पोस्टमनशी भांडून आले. भांडून आले म्हणजे माणूस परत आला, हे तिने ओळखलं. वाफा गेला तर बाबा पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसतील आणि या खेपेला उठणार नाहीत, हेही तिला तितकंच पक्कं माहीत होतं.

त्या वर्षी खात्याने सगळ्या शहराची माती तपासायची असं काढलं. जमिनीचा वापर बदलतो तशी मातीतली शिसं, कॅडमियम, क्रोमियम अशा जड धातूंची मात्रा कशी बदलते, ते बघायचं होतं. शाळेचं मैदान, सार्वजनिक बाग, हमरस्त्याची कड, धान्याचं शेत, कारखान्याचं आवार, भाजीचे वाफे, आणि तुलनेसाठी टेकडीवरचं रान, जिथे कुणी कधी काही केलेलं नाही. एकेका जागी नागमोडी चालत जायचं, ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती खरवडून प्लास्टिकच्या पांढऱ्या घमेल्यात टाकायची, ढेकळं फोडायची, सगळं कालवायचं, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. असं करत करत पिशवीभर माती उरली की झाला नमुना. ऐकायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कंबर कुठे असते ते कळेल.

खोदायला खात्याने स्टीलची खुरपी दिली होती, पात्यापासून मुठीपर्यंत अखंड. लोखंड गंजतं आणि मातीत मिसळतं म्हणून स्टील. अडचण एवढीच की ती गवतात ठेवली की दिसायची नाही. एक हरवली, दुसरी हरवली, आणि साहेबांनी तिसरी देताना तिच्याकडे असं बघितलं की ती घरी येऊन धुसफुसत बसली. सासऱ्यांनी मुकाट्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघायच्या घाईत असताना त्यांनी खुरपी तिच्या हातात दिली. मूठ पिवळीधमक रंगवलेली. माळ्यावरचा जुना डबा काढून, कुणाला न सांगता त्यांनी हे काम केलं होतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ब्रश हातात धरला होता, आणि चेहरा असा, जणू परीक्षेत पहिला नंबर आलाय.

"आता हरवून दाखव," ते म्हणाले.

तिने पाहिलं, पातं कोरं होतं. रंग फक्त मुठीला. मातीला लागतं ते पातं, मूठ काही मातीत जात नाही. आणि समजा थोडी शंका आली असती, तरी त्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणायला काळीज दगडाचं लागतं. तिचं तसं नव्हतं. ती खुरपी घेऊन गेली.

खुरपी हरवली नाही. महिनाभर ती शहरभर खणत फिरली आणि पिशव्या प्रयोगशाळेत देत गेली. तिथे तपासायला तिचा जुना सहकारी होता, ज्याला जाड भिंगांमुळे सगळे चष्मा म्हणत. एका दुपारी चष्म्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखा थट्टेखोर नव्हता. शिसं जास्त निघालं होतं. बहुतेक जागांना चालून जाईल, पण वाफ्यांना नाही, असं तो म्हणाला. मर्यादा वापराप्रमाणे ठरलेल्या असतात. जी माती कारखान्याच्या आवारात बिनधोक म्हणून सोडून देतात, तीच भाजीच्या वाफ्यात असली तर धोक्याची, कारण तिथे ती माणसाच्या पोटात जाते. वाफ्यांमधलं शिसं मर्यादेच्या वर होतं. नगरपालिकेची नोटीस लवकरच लागणार होती.

नोटीस वाचून कळण्याआधी आपल्या तोंडून कळावं म्हणून तिने संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, की खात्री आहे का. खणलं मीच, आणि चष्मा चुकत नाही, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते वाफ्यावर गेले आणि स्वतःच्या हाताने सगळं उपटून टाकलं. टोमॅटो पिकायला आले होते, पालक हातभर झाला होता. लोक जमले. नोटीस अजून यायचीय, घाई कसली, असं पोस्टमन म्हणाले. पेंटर म्हणाले, माझी सून सांगते म्हणजे झालं, विष आहे ते, पोराबाळांना घालणार आहात का. त्यांच्या शब्दाला तिथे वजन होतं. दुपारपर्यंत सगळे वाफे रिकामे झाले. शिवणकाम करणाऱ्या मावशी, ज्यांचा वाफा सगळ्यांत देखणा होता, त्या उपटताना रडल्या असं नंतर कळलं. बाबा घरी आले, हातपाय धुतले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

तिने तीन वेळा चहा ठेवला, तीनही वेळा तो गार झाला.

चष्मा मात्र अस्वस्थ होता. माणूस थट्टेखोर असला तरी आकड्यांच्या बाबतीत त्याला गंमत चालत नसे. त्याने तिला बोलावून घेतलं आणि विचारलं, की टेकडीवर कारखाना आहे का? रस्ता आहे का? काहीच नाही ना? मग सगळ्यांत जास्त शिसं टेकडीच्या मातीत कसं? खालोखाल शाळेचं मैदान, मग बाग. कारखान्याच्या भुसभुशीत भरावात त्यामानाने कमी. आणि कारखाना सोडला तर जिथे शिसं वाढलंय तिथे त्याच्या जोडीने क्रोमियमही वाढलंय, ठरल्या प्रमाणात, जणू दोघं हात धरून फिरायला निघालेत. बॅटरीच्या कारखान्यातून शिसं येईल, पण क्रोमियम कशाला येईल?

ती पिशवी, घमेलं आणि खुरपी घेऊन पुन्हा टेकडीवर गेली. तिथली माती उन्हाने विटेसारखी झालेली. खड्डा घेतला, ढेकळं घमेल्यात टाकली आणि नेहमीप्रमाणे खुरपी उलटी करून मुठीच्या बुडाने ती ठेचायला लागली. नोकरीला लागल्यापासूनची सवय ही. इतकी हाडात मुरलेली, की ढेकळं कशाने फोडतेस असं कुणी विचारलं असतं तर तिला आठवावं लागलं असतं. ठेचता ठेचता घमेल्याच्या पांढऱ्या कडेवर एक पिवळा ठिपका उडून पडला.

तिने खुरपी वर धरून बुडाकडे पाहिलं. तिथे रंग उरलाच नव्हता, स्टील चकाकत होतं. कडेने पोपडे सुटले होते. जमीन जितकी कडक, तितकं जास्त ठेचणं, तितका जास्त रंग. टेकडी पहिली, मैदान दुसरं. जुना पिवळा रंग शिसं आणि क्रोमियमचाच बनत असे, हे तर कॉलेजात पाठ केलेलं. अशी चूक होण्यासाठी रंगारी सासरा आणि ढेकळं ठेचणारी सून एकाच घरात नांदावी लागते.

साहेबांना तिने सगळं सरळ सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग नमुन्यांवर काट मारली आणि सगळं पुन्हा खणायला सांगितलं. सहकाऱ्यांनी पुढे पुष्कळ दिवस तिची टर उडवली, ती तिने निमूट सोसली. अवघड होतं ते घरी सांगणं.

बाबा खुर्चीतच होते. ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली आणि एका दमात बोलून मोकळी झाली. माती वाईट आहे की चांगली ते अजून माहीत नाही, पण आधीचे आकडे रंगाचे होते. चूक आपली, मूठ ठेचायला वापरायची नसते. रंगाला तिने दोष दिला नाही. पण ते रंगारी होते.

"रंग सुटला?" त्यांनी विचारलं.

"बुडाशी. थोडासाच."

"थोडासा सुटत नसतो रंग. एक तर बसतो, नाही तर सुटतो." मग ते स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत म्हणाले, "स्टील आधी खरवडून घ्यावं लागतं. पॉलिश पेपरने. मग अस्तराचा हात. पोरगंसुद्धा जाणतं एवढं. मला पेपर धरता आला नाही. निसटत होता सारखा. म्हटलं, एवढीशी मूठ, कुणाला कळतंय."

आयुष्यात पहिल्यांदा ते हाताबद्दल बोलले होते. तिला वाटलं, हसून काहीतरी बोलून विषय बदलावा, जसा त्या घरात इतकी वर्षं सगळ्यांनी बदलला होता. पण तिने तसं केलं नाही. तो पिवळा रंग त्यांनी कितीक वर्षं हाताळला, डबे ढवळले, सुका रंग घासून उडवला, त्याच हाताने जेवले. हात त्यानेच गेला असेल कदाचित, असं ती म्हणाली, आणि रक्त तपासून घेऊ या. ते हो म्हणाले. वाद घातला नाही, याचंच तिला नवल वाटलं.

"आणि मी त्यांना उपटायला लावलं," ते म्हणाले. "सगळ्यांना. माझ्याच रंगापायी."

पुढचे दिवस ती कोऱ्या खुरपीने आणि ढेकळांसाठी लाकडी दांडक्याने खणत राहिली. आकडे आले. टेकडी स्वच्छ, अगदी आरशासारखी. मैदान स्वच्छ. बाग स्वच्छ. रस्त्याच्या कडेला थोडं शिसं, असतं तेवढं. कारखान्याच्या आवारात त्याहून बरंच. वाफे तिने या खेपेला एकत्र न कालवता वेगवेगळे घेतले होते. ते सगळे बिनधोक निघाले, भिंतीलगतचे तीन सोडून. त्या तिघांत शिसं होतं आणि क्रोमियम नव्हतं, म्हणजे ते रंगाचं नव्हे, भिंतीपलीकडून झिरपत आलेलं कारखान्याचं. त्या तिघांतला एक बाबांचा.

चष्म्याने फोनवर हे सांगितलं तेव्हा ती पायरीवर बसून राहिली. सगळ्यांचे वाफे वाचले आणि ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तोच गेला. दुसऱ्या दोघांचं तिला फारसं वाईट वाटलं नाही, हे तिने स्वतःशी कबूल केलं. त्या दोघांना इतर उद्योग होते.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, बरं झालं, निदान माझं तरी उपटणं फुकट गेलं नाही. मग त्यांनी उठून धुतलेला सदरा घातला. वाफ्यांवर जायचं होतं. आकडे तू सांग, बाकीचं मी सांगतो, असं त्यांनी तिला बजावलं.

संध्याकाळची वेळ होती. नवे आकडे आल्याची कुणकुण लागल्यामुळे बरेचजण आलेले होते. तिने आकडे सांगितले. लोकांच्या चेहऱ्यांवर आधी आनंद आला, मग प्रश्न आला, की मग आधी कसं काय चुकलं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा पुढे झाले. त्यांनी सगळं सांगितलं. डबा, मूठ, न लावलेलं अस्तर, हातातून निसटणारा पेपर. डोळ्यांचं खोटं होतं, हात गेलाय माझा, हेही सांगितलं. तुमचं पीक माझ्या रंगाने बुडालं, असं म्हणाले आणि थांबले. घरी जायला वळावं की उभं राहावं हे त्यांना कळत नव्हतं, ते तिला मागून स्पष्ट दिसत होतं.

पोस्टमन टाचेने माती उकरत उभे होते. शेवटी शिवणकामवाल्या मावशीच बोलल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा खडखडीत होता.

"पेंटर, तुमच्या गाजरांच्या ओळी बघितल्यात कधी? साप गेल्यागत असतात. आम्हाला काय वाटलं, डोळे दुखतात म्हणून वाकड्या येतात?"

पोस्टमन हसू दाबत होते, ते त्यांना जमेना. ते हसले तसे दोन-चार जण हसले. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं लपवलेली गोष्ट अख्ख्या वाफ्यांना पाठ होती, आणि कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. त्यांना राग आला की काय असं तिला क्षणभर वाटलं. यायला हरकत नव्हती, माणूस तिखटच होता.

मावशी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पीक त्यांचं गेलं होतं आणि त्या ते विसरल्या नव्हत्या. तो देखणा पालक पुन्हा पेरायचा तर दोघांचं काम आहे, असं त्यांनी सुनावलं. ज्याच्यामुळे उपटला त्याने येऊन पेरावा. भिंतीकडचा वाफा गेला तर गेला, आपला वाफा दोघांना पुरेल एवढा लांब आहे. पण ओळी सुतळी लावून आपण आखणार, त्यात कुणी हात घालायचा नाही.

बाबांनी खिशातला हात बाहेर काढला.

"सुतळी तुम्ही धरा," ते म्हणाले. "बी मी टाकतो. थोडं इकडेतिकडे पडेल."

"पडू दे. उगवल्यावर विरळणी करायचीच असते," मावशी म्हणाल्या, आणि बी आणायला वळल्या.